विषय: [न्यू जर्सीतली मराठी ई-मेल यादी] बायकांची जिम, शुक्रवारच्या आत अजून दोघी हव्यात

मेधा (मंगळवार, रात्री ११:४०)

घाईत लिहितेय. रूट २७ वरच्या त्या प्लाझात बायकांची जिम उघडलीये, शुक्रवारपर्यंत पाच जणी एकदम आल्या तर जॉइनिंग फी माफ. महिना ३९ डॉलर, करार वर्षाचा. मी, वृषाली आणि वृषालीची जाऊ अशा तिघी झालो.

घोडं अडलंय फ्रीझवर, म्हणजे सदस्यत्व आणि फी काही दिवस गोठवण्यावर. वर्षातून एकदाच, तेही ३० दिवस. आमची डिसेंबरातली भारतवारी ४५ दिवसांची, म्हणजे १५ दिवसांचे पैसे पाण्यात. कोणी बोलून वाढवून घेतलंय का? आणि मुळात घ्यावी का?

(गणपतीतल्या पार्किंगवर अजून ज्यांचं बोलून झालं नसेल त्यांनी कृपया वेगळा मेल काढा.)

निखिल

१५ दिवसांचे २० डॉलरही होत नाहीत. ओक ट्री रोडवर दोन थाळ्यांत जातात!

वैशाली

निखिल, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मागे दुसऱ्या एका जिममध्ये काउंटरवरची मुलगी मला "नो प्रॉब्लेम, गो एन्जॉय" म्हणाली. नाशिकहून परत आले तर कार्डावर तीन महिन्यांचे पैसे, आणि ती मुलगी नोकरी सोडून गेलेली. पुरावा काय, तर माझी आठवण.

मेधा, १५ दिवस सोड. गोठवलेले दिवस करारात मागे जोडतात का ते बघ. आत्ता नोव्हेंबरात सही केलीस, डिसेंबरात महिनाभर फ्रीझ केलंस, तर करार संपणार पुढच्या डिसेंबरात. म्हणजे तू पुण्यात. नूतनीकरण आपोआप असेल तर "नको" कळवायची मुदत बॅगा भरताना निघून जाईल. माझं तसंच झालं होतं.

सही केलीस तरी घाबरू नकोस. न्यू जर्सीत कराराची प्रत हातात पडल्यावर जिम उघडी असलेल्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. पत्र मात्र लेखी हवं, सर्टिफाइड मेलने किंवा स्वतः नेऊन. घर जिमपासून २५ मैलांहून लांब हलवलं तरी सुटका आहे. भारतवारी म्हणजे घर हलवणं नव्हे, विचारून झालंय.

सुहास

सहज विचारतो. "फक्त बायकांसाठी" हे कायद्यात बसतं का? उद्या फक्त पुरुषांची जिम काढली तर? भोंडल्यालाही मला दारातूनच परत पाठवलं होतं, ते विसरलेलो नाही.

अनघा

सुहासराव, बसतं. इथल्या भेदभावविरोधी कायद्यात वाजवी कारणाने एकाच लिंगापुरत्या राखलेल्या जागांना सूट आहे आणि त्या यादीत पोहण्याच्या तलावाबरोबर जिम्नॅशियम हा शब्द छापलेला आहे. त्यामुळे पुरुषांचीही काढा, कोणी अडवत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र गंमत झाली होती. बॉस्टनच्या एका बायकांच्या जिमविरुद्ध एक वकील १९९७ मध्ये खटला जिंकला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून अशा जिमना सूट देऊन टाकली.

भोंडल्याचं म्हणाल तर खिरापत ओळखता येत असेल तर या.

शोभाकाकू

सर्वांस नमस्कार. रविवारी सकाळी ९ वाजता हॉलमध्ये माझा योगवर्ग गेली ११ वर्षं चालू आहे. फुकट आहे. मागच्या रविवारी चार जणी होत्या, त्यातली एक चुकून आली होती. मेधाला ३९ डॉलर द्यायचे असतील तर जरूर द्यावेत.

वृषाली

काकू, रागावू नका, तुमच्या वर्गाने माझी कंबर सुटली ते मी सगळ्यांना सांगते. पण डॉक्टरांनी या वेळी वजनं उचलायला सांगितलीत. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि ते रोखायला स्नायूंवर ताण पडावा लागतो. आठवड्याला १५० मिनिटं चालणं झालं तरी दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा करावाच लागतो.

रविवारचा वर्ग १० ला केलात तर मुलांची मराठी शाळा सुटेपर्यंत आम्ही थांबू शकतो.

अपर्णा

मी शनिवारी फुकट ट्रायलला जाऊन आले. सासूबाईंनाही नेलं होतं, वय ६८, आल्यापासून सोसायटीच्या जिमच्या दारातूनच परत यायच्या, कारण शेजारच्या मशीनवर कोणी ना कोणी पुरुष असायचा. इथे बाईंनी ओढणी पर्समध्ये ठेवली, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत सारलं आणि लेग प्रेसवर बसल्या. घरी आल्यावर सासऱ्यांना फोन: "मी यंत्र ढकललं!"

आता दुसरी बाजू. मशीन्स बहुतेक हायड्रॉलिक (तेलाच्या पिस्टनची) आहेत, १९९२ मध्ये टेक्सासमध्ये कर्व्हज ही बायकांच्या जिमची साखळी सुरू झाली त्या धाटणीची. गोलात मांडलेली. ढकलतानाही जोर, ओढतानाही जोर, वजनाच्या चकत्या बदलायला नकोत, अर्ध्या तासात फेरी पूर्ण. सासूबाईंना उत्तम. पण जितक्या जोरात ढकलाल तितकाच विरोध होतो, त्यामुळे महिन्याभरात आपण किती पुढे गेलो ते आकड्यात दिसत नाही. डंबेल्स होते ते १२ पाउंडांपर्यंत, बार्बेल नाहीच. वृषाली, तुझ्या डॉक्टरांना जे हवंय ते इथे सहा महिन्यांत कमी पडेल. तुला वाय (वायएमसीएची जिम) बरं. मेधा, तू आजवर तीन जिम सोडल्यास, तुला गर्दी नको आणि आरशात बघणारं कोणी नको. तुझ्यासाठी ही.

सुहास

विरोध वाढतो हे बरोबर. पिस्टनमधलं तेल बारीक भोकातून जातं, वेग वाढला की अडतं. आमच्या प्लँटमध्ये

(अर्धवटच गेलं, फोनवरून.)

लिस्ट अॅडमिन

या यादीवर व्यावसायिक जाहिरात चालत नाही हा नियम पुन्हा आठवून देतो. मेधाताईंचा मेल जाहिरात नाही असं समितीचं मत पडलं, ३ विरुद्ध २.

मेधा (गुरुवार)

फोन केला. फ्रीझ ६० दिवसांपर्यंत देतात, पण महिना १० डॉलर लागणार. गोठवलेले दिवस मागे जोडतातच, वैशाली, अगदी तू म्हणालीस तसं. म्हणून आपोआप नूतनीकरणाची ओळ खोडून मॅनेजरची सही घेणार आहे, नाही दिली तर मी नाही. वृषाली बाहेर पडली, ती वायला चाललीये. अपर्णाच्या सासूबाई आल्या, पण त्यांचा व्हिसा मार्चपर्यंत, त्यांना वर्षाचा करार नको, महिनावारीच घेतील. महिनावारीवालीला जिमवाले पाचात धरत नाहीत. तर आता तिघी हव्यात.

शोभाकाकू

वर्ग १० ला करायला माझी हरकत नाही. हॉलची किल्ली गणपतीपासून कोणाकडे आहे ते आधी कळवावे.