आधी नॉब पूर्ण उजवीकडे फिरवून बघा

प्रीअँप (अँपच्या आधी बसणारा, सिग्नल वाढवणारा डबा) जोडल्यावर ट्यूब अँपमधला व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाजाच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर, बायपास करावा का, म्हणजे सिग्नलच्या वाटेतून वगळावा का, या प्रश्नाला बहुतेकांनी ‘काढूनच टाका’ असं उत्तर दिलंय. माझ्या मते एवढी घाई नको.

अँपचा नॉब पूर्ण उजवीकडे गेला की वायपर (पॉटचा सरकता संपर्क) थेट इनपुटला लागतो. उरतो तो फक्त इनपुट आणि ग्राउंडमधला पॉटचा रेझिस्टन्स. बायपास जवळजवळ फुकटात! खरी गडबड अधल्यामधल्या जागी होते. ५०० किलोओहमचा पॉट ६ डेसिबल खाली आणला (म्हणजे व्होल्टेज निम्मं केलं) की ग्रिडच्या, म्हणजे ट्यूबच्या इनपुटच्या, मागे साधारण १२५ किलोओहम येतात. १२एएक्स७ या ट्यूबची मिलर कपॅसिटन्स (ट्यूबच्या गेनमुळे इनपुटला वाढून दिसणारी कपॅसिटन्स) १५० पिकोफॅरड धरली, तर दोन्ही मिळून वरच्या फ्रीक्वेन्सी गाळतात आणि साडेआठ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबलची घट. तानपुऱ्याची जवारी बोथट झालीच म्हणून समजा. पॉट १०० किलोओहमचा असेल तर हीच घट ४२ किलोहर्ट्झला, म्हणजे कानाच्या कक्षेबाहेर; विषय सोडून द्या.

तरीही पॉट काढणार असाल तर ग्रिड अधांतरी ठेवू नका. ग्रिड ते ग्राउंड २२० ते ४७० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (पॉवर सप्लायमध्ये चार्ज साठवणारे कपॅसिटर) ३००-४०० व्होल्ट दबा धरून असतात. डिस्चार्ज करून मीटर लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

बरं, गेनचं (सिग्नल किती पट वाढतो त्याचं) काय? सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, वर प्रीअँपचा दहापट गेन, आणि अँपला पूर्ण ताकदीसाठी एखादा व्होल्ट पुरतो. मग प्रीअँपचा नॉब जेमतेम हलवला की शेजारी दार वाजवणार, शिवाय तेवढ्या खाली डावं-उजवं चॅनलही सारखं राहत नाही. अशा जोडीत अँपचा १०० किलोओहमचा पॉट अर्ध्यावर ठेवून वापरलेला बरा.