बाबा, मी आणि आता लेक: नैराश्य घराण्यातच असतं का?

विट्याची_लेक
बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. गेल्या दिवाळीच्या आधी आई गेली. तेव्हा ते रडलेही नाहीत, पण हळूहळू कट्ट्यावर जाणं सुटलं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. विचारलं की म्हणतात, पोटात जळजळतंय. एंडोस्कोपीसुद्धा झाली, काही निघालं नाही. चुलते म्हणतात, वय झालं, चालायचंच.

मला मात्र माझे दिवस आठवतात. धाकटा झाला तेव्हा मी कित्येक महिने अशीच होते, बाळाला जवळ घ्यावंसंही वाटायचं नाही. गोळ्यांनी बरी झाले. बाबांची बहीणही ‘डोक्याच्या गोळ्या’ घ्यायची म्हणे. आता माझी मुलगी नववीत आहे, शाळा बदलल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही. हे आमच्या रक्तातच आहे का? तिलाही होणारच का?

बिनकामाचा_बाळू
सकाळी चालायला न्या, नातवंडांत ठेवा. आमच्या आजोबांच्या वेळी असले आजार नव्हते.

निवृत्त_सिस्टर
बाळूभाऊ, होते हो. आजोबा ‘संसारातून उठले’ म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात बसायचे आणि घरचे ताट तिथे नेऊन द्यायचे.

ताई, मी सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्यात नर्स होते, शेवटची वर्षं मानसोपचार ओपीडीत. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांवर बोलणार नाही.

रक्ताचं आधी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला नैराश्य असेल तर धोका दुप्पट-तिप्पट होतो, हे खरं. पण जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के निघतो. बाकीचं माणसाच्या वाट्याला काय येतं त्यावर, आणि ते प्रत्येक वयात निराळं.

तुमचंच बघा. गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शेजारचा म्हणून माझ्या लक्षात राहिला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. कारणं कुठली? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि मुलगी झाली म्हणून घरच्यांची पडलेली तोंडं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. आपल्याकडे गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब सगळं बघतात. ‘झोप लागते का गो?’ हे कोण विचारतं?

लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांचा ब्राऊन आणि हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ सालचा. त्यात सापडलं की अकराव्या वर्षाच्या आत आई गमावलेली, घरात १४ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं असलेली, बाहेर नोकरी नसलेली, आणि मनातलं सांगायला जवळचं माणूस नसलेली बाई संकटात लवकर कोसळते. माझ्या अनुभवात यातलं शेवटचं सगळ्यात जड. कुठल्याही वयात.

मुलीबद्दल. वयात येण्याआधी मुलगे-मुली यांच्यात फारसा फरक नसतो. त्यानंतर मुलींत प्रमाण जवळपास दुप्पट होतं. शाळेत चिडवणं, एकटं पाडणं, घरातली भांडणं हे या वयाचे धोके. ‘तुला काय झालंय?’ विचारू नका, ‘काही नाही’ म्हणेल. डबा कुणाबरोबर खातेस, ते विचारा.

बाबांची मात्र वाट बघू नका. म्हातारी माणसं ‘उदास वाटतंय’ म्हणत नाहीत. पोट, गुडघे, झोप सांगतात. जोडीदार गेल्याचं दुःख आहेच, पण कान तपासलेत का? ऐकू कमी आलं की कट्ट्यावरचा विनोद कळत नाही, पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणायची लाज वाटते, मग माणूस जायचंच सोडतो. थायरॉईड, बी-१२, साखर बघून घ्या. पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला असेल तर तेही सांगा. चालू गोळ्यांची सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओता, काही औषधांनीही मन खचतं. दारू वाढली का, तेही बघा.

आणि सरळ विचारा: ‘बाबा, जगणं नको वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतात फवारायचं औषध घरात असेल तर आजच हलवा.

विट्याची_लेक
कान तपासायचं डोक्यातच आलं नव्हतं. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारचे बोलतात. मुलीला डब्याचं विचारलं. आधी ‘वर्गातच खाते’, मग थोड्या वेळाने ‘एकटीच’. फवारणीची बाटली भावाने उचलली. पण मानसोपचार म्हटलं तर बाबा गाडीत बसणार नाहीत!

रात्रपाळी_नाशिक
माझे वडीलही नाही म्हणायचे. आम्ही म्हटलं, झोपेसाठी जातोय. ते खोटं नव्हतंच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून आधी तुम्ही बोलून घ्या, रात्रीही उचलतात, पैसे लागत नाहीत.

निवृत्त_सिस्टर
बरोबर. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार ओपीडी असते. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून चुलत्यांनी बंद करायला लावलं, असं होऊ देऊ नका. जाताना मुलीलाही सोबत न्या. बाबांच्या पुड्या, वेळा वहीत लिहायचं काम तिच्याकडे द्या.