'कर्षण' हा शब्द कुठून आला?

ठाणेकर:
परवा लेकीला घेऊन कळव्याहून येत होते. रुळांपलीकडे 'कर्षण उपकेंद्र' अशी पाटी दिसली. ती म्हणाली, "आई, सुरुवातीचा आ पुसला गेलाय." मला काही सांगता येईना. कर्षण म्हणजे ओढणं, तर सरळ 'ओढ' का लिहीत नाहीत? आणि हा शब्द 'संघर्ष'च्या घरातला का?

नेरूळचा मास्तर:
संघर्ष नाही, तो घृष् धातूचा, घर्षणाचा भाऊ. कर्षण कृष् धातूचं: ओढणं, नांगरणं. कृषी, उत्कर्ष, निष्कर्ष ही त्याची भावंडं. लेकीला सांगा, आ पुसलेला नाही. 'आकर्षण'लाच तो मागाहून लागला, आपल्याकडे ओढणं म्हणून. रेल्वेत 'कर्षण' हा इंग्रजी 'ट्रॅक्शन'साठी, म्हणजे गाडी ओढण्यासाठी, घेतलेला शब्द. ट्रॅक्शन आणि ट्रॅक्टरही असेच एका लॅटिन धातूचे, अर्थ तोच, ओढणं. ज्याने कर्षण निवडला त्याने फार चांगला शब्द निवडला. 'ओढ' चालणार नाही. माहेरची ओढ असते, पाण्याला ओढ असते, आणि पावसाने ओढ दिली की तो येतच नाही!

लोकोशेडवाला (निवृत्त):
मास्तर, शेडमध्ये 'कर्षण' कुणाच्या तोंडी ऐकला नाही. ट्रॅक्शन मोटरसुद्धा आम्ही पूर्ण म्हणत नसू. "तीन नंबरची टीएम उतरवा," एवढंच. पण शब्द नेमका आहे हे खरं. लोकांना वाटतं, डिझेल इंजिन चाकं फिरवतं. तसं नाही. १९६२ साली आलेलं, अमेरिकेच्या आल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घ्या. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि ते फिरवतं फक्त जनरेटर. चाकं फिरवतात आसांवर बसवलेल्या ६ मोटरी.

कारण असं, की डिझेलला उभ्या गाडीत जोर देता येत नाही. मिनिटाला ४०० फेऱ्यांवर ते नुसतं धडधडत असतं, फार खाली आणलं की बंद पडतं. एवढ्या जोराला क्लच टाकला तर जळून जाईल. गाडीच्या डीसी सिरीज मोटरचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या मोटरचं, नेमकं उलट. गाडी उभी असतानाच ती सर्वात जास्त करंट घेते आणि तेव्हाच तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सर्वात जास्त असतो. भरलेली मालगाडी जागची हलते ती त्यावर. ओढते ती मोटर. डिझेल तिला वीज पुरवतं.

वाशी–ठाणे रोजची:
म्हणून लोकल चालवणारा 'मोटरमन' का? लोकलला तर इंजिनच नसतं.

लोकोशेडवाला:
अगदी. मोटरी डब्यांखालीच असतात. आणि 'बोगी' म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट. मोटर तिच्यात बसते. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्याआधी, १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती वाफेची. तेव्हापासून पुढे लागून ओढणाऱ्या कशालाही आपण इंजिन म्हणतो, विजेवरच्यालाही.

ठाणेकर:
मग घर्षण आणि कर्षण यांचं काहीच नातं नाही?

नेरूळचा मास्तर:
धातूने नाही.

लोकोशेडवाला:
रुळावर आहे! पहिल्या पावसात रूळ निसरडे होतात. मोटर कितीही जोर लावो, चाक जागच्या जागी फिरतं. मग ड्रायव्हर चाकापुढे वाळू सोडतो. ती पूर्ण कोरडी लागते, ओली झाली की नळीत अडकते. शेडमध्ये ती भाजून, चाळून ठेवत. हातात घेतली की बोटांच्या फटींतून सरसर निसटायची, गरम आणि पिठासारखी मोकळी.

ठाणेकर:
हे लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, वाळू ठेवतात कुठे?

लोकोशेडवाला:
इंजिनाच्या खाली चाकांजवळ डबे असतात. त्यांतून निघालेली नळी चाक रुळाला टेकतं त्याच्या जरा पुढे येऊन थांबते. ठाण्याला मालगाडीचं इंजिन उभं असेल तेव्हा फलाटावरून, मागे उभं राहून, तिला दाखवा. नळी सहज दिसते.