आरोपपत्र येईपर्यंत चॅनेलवाल्यांना रान मोकळं?

गोदाकाठ
अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२५ मध्ये क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दिला. २०२० मध्ये मात्र चॅनेलवर त्याची मैत्रीण रिया चक्रवर्तीचा निकाल रोज रात्री नऊला लागत होता. खासगी चॅट स्क्रीनवर, आणि बिल्डिंगमध्ये आलेल्या पोस्टमनमागे बूम घेऊन धावणारे बातमीदार! १८ जानेवारी २०२१ ला मुंबई हायकोर्टाने दोन वाहिन्यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं म्हटलं, पण कारवाई केली नाही.

माझं दुखणं कायद्याचं आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ३ म्हणतं, खटला प्रलंबित नसताना छापलेलं अवमान धरायचं नाही. आणि फौजदारी खटला ‘प्रलंबित’ धरतात तो आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा कोर्टाने समन्स-वॉरंट काढल्यावर. म्हणजे अटकेनंतरचे जे दिवस टीआरपीचे, तेच नेमके सुटतात. विधी आयोगाने २००६ च्या २०० व्या अहवालात ‘अटकेपासून धरा’ असं सांगितलं होतं. अहवाल धूळ खातोय. तो लागू करा.

खडूस काका
आणि जेसिका लालचा खून खटला? फेब्रुवारी २००६ मध्ये सगळे आरोपी सुटले. मीडियाने बोंब ठोकली, डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने मनु शर्माला जन्मठेप दिली. शिवाय अवमानाची शिक्षा बघा : जास्तीत जास्त सहा महिने कैद, दंड दोन हजार रुपये. चॅनेलचा चहाचा खर्च जास्त असेल. घाबरेल तो तालुक्याचं साप्ताहिक चालवणारा एकटा संपादक. उद्या कोठडीत कोणी मेला तर तो छापेल का?

गोदाकाठ
काका, जेसिकाची बोंब निकालानंतरची होती. आणि कोठडीतल्या मृत्यूची बातमी द्यायला ‘आरोपी खुनी आहेच’ असं कुठे म्हणावं लागतं?

चष्मिष्ट
आपल्याकडे आता ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणारी सामान्य माणसं, नाही हो. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खून खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली, ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, पण हायकोर्टाने ते फिरवलंच ना? न्यायाधीश काय प्राइम टाइम बघून निकाल लिहितात?

अॅड. नाशिककर
न्यायाधीशाचं सोडा, साक्षीदाराचं बोला. आरोपीला तोंडावर काळा कपडा टाकून का नेतात? ओळख परेडसाठी. पंचांसमोर सारख्या दिसणाऱ्या माणसांत त्याला उभा करतात, साक्षीदाराने त्यातून ओळखायचं. चॅनेलने आदल्या रात्री त्याचाच फोटो लाल गोल काढून पन्नास वेळा दाखवला, तर साक्षीदार ओळखतो ते कोणाला, गुन्ह्याच्या वेळी दिसलेल्याला की टीव्हीवरच्याला? बचावाचा वकील उलटतपासणीत नेमकं हेच विचारतो आणि परेड बाद. फायदा कधी खऱ्या गुन्हेगाराला होतो, हे ‘न्याय हवाच’वाल्यांच्या लक्षातच येत नाही.

बाकी ते चॅट चॅनेलला स्वप्नात दिसत नाहीत. तपास यंत्रणेतूनच कोणीतरी पुरवतं. त्याला आधी धरा.

खडूस काका
वकीलसाहेब, परेडचं पटलं. चेहरा दाखवू नका, एवढा नियम करा, मी सही करतो. पण अवमानाचा दंडुका नको. बाहेरच्याने अर्ज करायचा तर महाधिवक्त्याची, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाची, संमती लागते, आणि त्याची नेमणूक सरकारच्या सल्ल्याने. सरकारच्या लाडक्या चॅनेलविरुद्ध तो संमती देईल?

गोदाकाठ
हायकोर्टाला कोणाच्याच संमतीची गरज नसते, ते स्वतःहून दखल घेऊ शकतं. २०२१ मध्ये सगळं समोर होतं. तेव्हा कोणी हात धरला होता?