चोर्ला घाट, पहिला पाऊस: सवयीचा हात की एबीएस?

डिचोलीकर
२०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. तेव्हापासून नवी पोरं ब्रेक मारायला शिकतच नाहीत, असं माझं स्पष्ट मत. ब्रेकच्या लिव्हरवर आधी हलका दाब द्यायचा, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले दांडे) बसू द्यायचा, वजन पुढच्या चाकावर आलं की दाब वाढवायचा. हे हातात बसलं की एबीएसची वेळ क्वचितच येते. सुट्या खडीवर तर ते थांबायचं अंतर वाढवतं. अडकलेलं चाक खडी पुढे ढकलत तिच्यात रुततं. एबीएस ते चाक पुन्हा पुन्हा मोकळं करतं.

फोंडेकर
डिचोलीकरबाब, वळणापलीकडे रस्त्यात गुरं बसलेली दिसल्यावर फोर्क बसायची वाट कोण बघणार? ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ब्रेकला बोट लागेपर्यंतच तेवढा रस्ता संपतो. मग हात कितीही मुरलेला असो, लिव्हर करकचून आवळला जातो. ओल्या डांबरावर पुढचं चाक अडकलं की हँडल हातात असून नसल्यासारखं, पापणी लवते न लवते तोवर गाडी आडवी. एबीएस एका सेकंदात कितीतरी वेळा दाब सोडतं आणि धरतं. बोटांना ते शक्य नाही. खडीचं म्हणणं बरोबर, पण त्यासाठी काही गाड्यांत मागचं एबीएस बंद करता येतं. पुढचं चालूच ठेवा.

सत्तरीकर
वळणाचं दोघांनीही सोडलंत. साधं एबीएस फक्त चाकांचा वेग मोजतं, गाडी किती कलली आहे ते त्याला कळत नाही. कललेल्या गाडीत टायरची बरीच पकड वळण्यातच खर्च होते. तिथे जोरात ब्रेक मारला तर एबीएस असूनही पुढचं चाक बाजूला सरकतं. कल ओळखणारं कॉर्नरिंग एबीएस केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसारख्या मोजक्या गाड्यांतच आहे. तेव्हा गाडी सरळ असतानाच वेग उतरवा. आणि चोर्ला घाटातून गोव्याच्या बाजूला केरीकडे उतरताना चौथ्यातून थेट दुसऱ्यात घालून क्लच एकदम सोडू नका. मागचं चाक इंजिनच्या ओढीने घसरतं, आणि एबीएस ब्रेकचा दाब कमी करतं, इंजिनची ओढ नाही. एकेक गिअर उतरवा.

डिचोलीकर
म्हणजे वेग कुठे उतरवायचा हे शेवटी चालवणाऱ्यानेच ठरवायचं. मी तेच म्हणतोय.

फोंडेकर
ठरवायचं त्यानेच. अंदाज चुकला तर सावरायला एबीएस हवं, आणि ते चालू आहे ना ते बघायलाही हवं. चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) वाहणाऱ्या ट्रकांमागचा तांबडा चिखल चाकाच्या सेन्सरवर आणि त्याच्या दातेरी रिंगवर थापला जातो. गाडी थोडी पुढे गेल्यावरही एबीएसचा दिवा विझला नाही, तर ते बंद आहे, ब्रेक साधेच समजून चालवा. चिखल साध्या पाइपच्या पाण्याने धुवा, सेन्सरवर प्रेशरचा फवारा नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला; ते हवेतली ओल शोषतं, लांब उतारावर तापून उकळतं आणि लिव्हर पोकळ लागतो. तेव्हा एबीएसही कामाचं नाही आणि हातही नाही.