सीआयडीतला अभिजीत: याच्या भूतकाळाचं पुढे काय झालं?

शेवग्याची_शेंग
आईच्या पायाला प्लास्टर आहे त्यामुळे घरात दिवसभर सीआयडीचे जुने एपिसोड चालू, पर्यायाने मी पण बघतेय. लहानपणी दया दार तोडणार एवढ्यासाठीच बसायचो, आता लक्ष जातं ते अभिजीतकडे. ह्या माणसाला स्वतःचाच भूतकाळ आठवत नाही आणि हा लोकांना दरडावून विचारतो की खुनाच्या रात्री कुठे होतास!! मधेच जुनं काहीतरी उकरून निघतं, ब्युरोतले लोक संशयाने बघायला लागतात, फॉरेन्सिकवाले डॉ. साळुंखे तर टोमणे मारायला टपलेलेच, आणि पुढच्या एपिसोडला नवीन बॉडी, झालं गेलं गंगेला मिळालं. हे मुद्दाम असं ठेवलंय का लेखकांचा आळस?

निवांत_बंडू
आळस कसला, धंदा आहे तो. जानेवारी 1998 ते ऑक्टोबर 2018, दीड हजाराच्या वर एपिसोड. ज्याने आजच पहिल्यांदा टीव्ही लावला त्यालाही कळलं पाहिजे ना. एसीपी प्रद्युम्नांचंच बघा, पोटच्या पोराला, नकुलला, स्वतः गोळी घातली, दुसऱ्या कुठल्या सिरियलीत सहा महिने हार घातलेला फोटो आणि रडारड पुरली असती. इथे साहेब परत हवेत बोटं फिरवत 'कुछ तो गड़बड़ है'. मी तर म्हणतो अभिजीतपेक्षा तोच जास्त मोडलेला माणूस आहे, फक्त शिवाजी साटम ते कुठे बोलून दाखवत नाहीत.

काकू_ठाणेकर
साटमांना आम्ही त्याआधीपासून बघतोय, मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायचं ना, ते पण सीआयडीवाल्या बी. पी. सिंगांचंच. असो. बंडू, अभिजीतचं मला नाही पटलं. आदित्य श्रीवास्तव आधी फक्त 26 एपिसोडसाठी आला होता म्हणे, आणि टिकला तो त्या नजरेवर. दया कानाखाली काढतो तेव्हा हा मागे गप्प उभा असतो बघ, समोरचा खोटं बोलतोय हे त्याला आधी कळलेलं असतं. ज्याला स्वतःवरच भरवसा नाही तो दुसऱ्यावर काय ठेवणार.

नियम_कलम_सगळं
जरा अवांतर. महाराष्ट्र सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, मुंबईत खून पडला तर तपास स्थानिक पोलीस ठाणं करतं नाहीतर क्राईम ब्रँच. आणि राज्य सीआयडीत एसीपी नसतो हो, डीवायएसपी असतो. 20 वर्षं कोणी सांगितलं नाही का यांना?

निवांत_बंडू
आले. वाटच बघत होतो.

लाईनवाली
माझे पप्पा हवालदार म्हणून रिटायर झाले, बालपण सगळं पोलीस लाईनमध्ये. नाईट करून आले की एक बूट काढायचे आणि दुसरा तसाच पायात ठेवून पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसून राहायचे, आई चहा ठेवून आत जायची, काय झालं विचारायची नाही, आम्हालाही विचारू द्यायची नाही. संध्याकाळी परत वर्दी इस्त्री करून तयार. गणपतीत दहाही दिवस बंदोबस्त त्यामुळे घरच्या गणपतीचं विसर्जन कायम काकांनीच केलं. तेव्हा शेंगताई, पुढच्या एपिसोडला सगळे विसरले हे मला तरी खोटं नाही वाटलं कधी. दार तोडणं मात्र खोटं, पप्पा म्हणायचे आधी कडी वाजवून बघ की बाबा.

शेवग्याची_शेंग
लाईनवाली, एक बूट घालून बसलेला माणूस आता डोक्यातून जाणार नाही. डिसेंबर 2024 ला परत सुरू झाली तेव्हा अभिजीत आणि दया एकमेकांच्या जिवावर उठलेले दाखवले होते, ते कुठून बघायला घ्यावं सांगा कोणीतरी. आई म्हणते त्या दोघांचं भांडण तिला बघायचंच नाही, ती जुनेच लावणार. आत्ता तिने माळ्याला खुनी ठरवलंय आणि दहा मिनिटं बाकी आहेत.