पायथॉनमध्ये हॅश() दर रनला वेगळा आकडा का देतो?

बोरिवली_स्लो:
लोकहो डोकं फिरलंय. डिलिव्हरीचा डेटा आहे, एरियाच्या नावाचा (घाटकोपर, भायखळा, मुलुंड वगैरे) हॅश (नावावरून निघणारा आकडा) काढायचा, 16 ने भागायचं, बाकी येईल त्या नंबरच्या फाइलीत रो टाकायची, एवढंच काम. पण काल भायखळा 3 मध्ये गेलं आणि आज परत स्क्रिप्ट चालवली तर 11 मध्ये, आता कालच्या रो शोधायच्या कुठे? आणि पिनकोड इंटिजर म्हणून दिला की दरवेळी सेम येतं. रँडमचा सीड लावून पाहिला, फरक शून्य.

सायनकर:
बग नाहीये भावा, मुद्दाम केलंय. 2011 च्या शेवटी काही जणांनी दाखवून दिलं की एकच हॅश येणाऱ्या कीज सर्व्हरला ढिगाने पाठवल्या की डिक्शनरी (कीवरून व्हॅल्यू शोधते ती, हॅशवरच चालते) रांगायला लागते आणि सर्व्हर आडवा. म्हणून पायथॉन 3.3 पासून स्ट्रिंग आणि बाइट्सच्या हॅशमध्ये प्रोसेस सुरू होताना रँडम सॉल्ट (दर रनला बदलणारा गुप्त आकडा) पडतं. इंटिजरला नाही. रँडम मॉड्यूलचा सीड वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही.
पायथॉनहॅशसीड नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) 0 कर, बंद होईल.

बोरिवली_स्लो:
केला ना, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत, तरी तेच.

सायनकर:
तोवर उशीर झालेला असतो, इंटरप्रिटर उठतानाच तो वाचतो. बाहेर शेलमध्ये नाहीतर डॉकरफाइलमध्ये टाक.

ठाणे_पूर्व:
टेस्टपुरतं ठीक, पण डिस्कवर जाणारं काहीही बिल्ट-इन हॅशवर ठेवूच नये. 3.4 मध्ये अल्गोरिदमच बदलून सिपहॅश आला, 32 बिट बिल्डवर आकडा वेगळा, उद्या क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) स्क्रिप्ट टाकणारा व्हेरिएबल लावायला विसरला की परत बोंब. सरळ यूटीएफ-8 मध्ये एन्कोड कर, हॅशलिब मॉड्यूलचा ब्लेक2बी नाहीतर एमडी5 हॅश काढ (हे दरवेळी सेमच येतात), पहिल्या 8 बाइट्सचा इंटिजर कर (बाइट ऑर्डर स्वतः लिही, बिग), मग 16 ने भाग. एमडी5 म्हटलं की लोक अंगावर येतात, पण इथे पासवर्ड थोडीच लपवतोयस, फायली वाटतोयस.
आणि नावं मराठीत असतील तर खरी मजा पुढे आहे. कऱ्हाडे मधला ऱ एकच कॅरेक्टर असू शकतो किंवा र आणि नुक्ता असे दोन, दिसायला तंतोतंत सेम पण बाइट्स वेगळे म्हणजे हॅश वेगळा. हॅशच्या आधी एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) नॉर्मलाइझ केलं की दोन्ही एक होतात. पण काही कीबोर्ड तोच आकार साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर) लावून काढतात, ते एनएफसीला कळत नाही, तेवढं हाताने रिप्लेस करायचं.

बोरिवली_स्लो:
बाप रे. सेट प्रिंट केला की ऑर्डर दरवेळी बदलते, तेही यामुळेच का? आणि जुन्या फाइलींचं काय करू?

ठाणे_पूर्व:
हो, सॉर्टेड लाव. डिक्शनरीची ऑर्डर 3.7 पासून पक्की आहे, सेटची नाही. जुन्या 16 च्या 16 वाचून नव्याने वाट, त्या रनचं सॉल्ट कुठे सेव्ह होत नाही. रोमध्ये एरियाचं नाव आहे ना?

बोरिवली_स्लो:
आहे. रात्री लावतो रनला.